पेठेतले राहते घर विकताना

सोलापूरच्या जुन्या पेठेत बाळी वेस आणि मधला मारुती यांच्या दरम्यानच्या एका बोळातले आमचे वडिलोपार्जित घर विकायचे, असे आम्ही तिघा भावंडांनी ठरवले आहे. दोन्ही भाऊ पुण्यात स्थायिक आहेत, मी जुळे सोलापूर या शहराच्या नव्या भागात राहते आणि आईच्या पश्चात त्या घरात संध्याकाळी दिवा लावायला कोणी उरलेले नाही. घर विकण्याला माझा विरोध नाही, कारण कुलूप लावून ठेवलेले घर सोलापूरच्या उन्हाधुळीत फार लवकर खचते. माझे म्हणणे आहे ते अशा घराची किंमत ज्या रीतीने ठरवली जाते तिच्याबद्दल.

आतापर्यंत जे मध्यस्थ घर पाहून गेले, त्यांनी आधी बोळाची रुंदी विचारली, मग दर्शनी बाजू किती फूट आहे ते मोजले आणि चारचाकी दारापर्यंत येते का, ते पाहिले. त्यानंतर मोकळ्या जागेचा दर धरून त्यातून घर पाडण्याचा खर्च वजा केलेला आकडा आमच्यापुढे ठेवला. बहुतेकांनी जिना चढून वरचा मजला पाहिलासुद्धा नाही.

वडिलांच्या तरुणपणी हे माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले, घर होते आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस माळवदावर पांढरी माती पसरण्याचे काम घरातले सगळे मिळून करीत. तुळया कुजू लागल्या तेव्हा माळवद उतरवून, आतून काँक्रीटचे खांब घेऊन वर स्लॅब टाकला. जाड दगडी भिंती मात्र तशाच राखल्या, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेला की खालच्या खोल्या त्यांच्यामुळेच राहण्याजोग्या असतात. ओसरीची शहाबादी फरशीही आम्ही बदलली नाही. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून अंगणाखाली मोठा हौद बांधला. वायरिंग आणि आर्थिंग नव्याने केले. आईचे गुडघे दुखू लागल्यावर माजघराला लागूनच न्हाणीघर आणि कमोड करून घेतला, भिंतीला धरायचे दांडे बसवले आणि उंबरे काढून टाकले. या प्रत्येक कामामागे घरात राहणाऱ्या माणसाची गरज होती, आणि पुढे तिथे राहणाऱ्यालाही ती पडणारच आहे.

पण या घराची खरी श्रीमंती त्याच्या दाराबाहेर आहे. आई शेवटपर्यंत आपली कामे स्वतः करीत असे, आणि त्याचे श्रेय तिच्या प्रकृतीइतकेच त्या वस्तीला आहे. किराणा, पूजेचे साहित्य, दवाखाना, औषधाचे दुकान, शिंपी, पिठाची गिरणी हे सारे तिच्या मंद चालीलाही जवळ होते. लग्नाची खरेदी निघाली की कापडासाठी चाटी गल्ली आणि दागिन्यांसाठी सराफ कट्टा पायीच होई. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वज नावाच्या उंच मानाच्या काठ्या बाळी वेसेतील हिरेहब्बू वाड्यातून निघतात, तेव्हा पाहुण्यांनी घर भरून जाई. माझ्या सध्याच्या वसाहतीत रस्ते रुंद आहेत, हवा मोकळी आहे आणि तिथे मी सुखाने राहते. पण तिथे कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढावी लागते आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा शेजारच्या आजी प्रत्येक कामासाठी मुलाची किंवा रिक्षाची वाट पाहत बसतात. म्हातारपणी कोणाला न विचारता घराबाहेर पडता येणे, ही माझ्या मते घराची सर्वांत मोठी सोय आहे, आणि तिचा हिशेब कोणीच करीत नाही.

शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात विभागाप्रमाणे जमिनीचा दर आणि बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा, म्हणजे किमतीतली घट, धरली जाते. बँकेचा मूल्यनिर्धारकही बांधकामाचे उरलेले आयुष्य पाहतो. म्हणून ज्यांनी जुने घर दुरुस्त केले आहे त्यांनी स्लॅबचा नकाशा, परवानगीची कागदपत्रे आणि अभियंत्याचा बांधकाम सुस्थितीत असल्याचा दाखला हाताशी ठेवावा. त्याशिवाय घेणाऱ्याला पुरेसे कर्ज मिळणे कठीण जाते आणि मग घर आपोआप रोख पैसेवाल्या व्यापाऱ्याकडे जाते. दुरुस्तीची बिले प्राप्तिकरासाठीही लागतात. 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या मालमत्तेसाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य हीच खरेदीची किंमत धरता येते आणि त्यानंतर केलेल्या सुधारणांचा खर्चही नफ्यातून वजा होतो. 23 जुलै 2024 पूर्वी मिळालेल्या घरावर निवासी भारतीय व्यक्तीला 12.5 टक्के दराने, किंवा खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून 20 टक्के दराने, जो कमी येईल तो कर भरता येतो. मात्र गवंड्याला पावतीविना दिलेली रक्कम खर्च म्हणून सिद्ध करणे अवघड जाते.

वडिलांच्या मागे मालमत्ता पत्रकावर आईसोबत आम्हा तिघांचीही नावे लागली. नात्यातल्या काहींनी मला हक्कसोडपत्राबद्दल, म्हणजे मुलीने आपला हिस्सा भावांसाठी लेखी सोडण्याबद्दल, विचारले. माझ्या भावांनी एकदाही विचारले नाही, हे इथे आवर्जून लिहिते.

घरातल्या उणिवा आम्ही प्रत्येकाला आधीच सांगतो. गाडी बोळाच्या तोंडाशी लावावी लागते, लग्नसराईत आणि मिरवणुकांच्या दिवसांत गोंगाट असतो, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि तिच्याबद्दलचा लेखी करार खरेदीखतासोबत द्यावा लागेल. ज्यांना गाडी दारातच हवी आहे त्यांनी हे घर घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते.

आमच्या बोळातली काही घरे आधीच कापडाची गोदामे झाली आहेत. अशा घरांपुढे रात्री अंधार असतो. राहणारी कुटुंबे कमी झाली की दूधवाला फेरी बंद करतो, गिरणीवाल्याला गिऱ्हाईक उरत नाही, डॉक्टर दवाखाना विजापूर रोडला हलवतात. जी सोय पाहून एखाद्याने तिथे घर घ्यावे, ती तिथे राहणाऱ्या माणसांमुळेच टिकलेली असते. म्हणून राहायला येणाऱ्या कुटुंबाला गोदामवाल्यापेक्षा काही कमी किमतीत घर देण्यास आम्ही तिघेही तयार आहोत. किती कमी, हे आम्ही आपसात ठरवलेही आहे.

घर पाडू नये अशी अट खरेदीखतात घालावी, असे धाकट्या भावाने सुचवले होते. वकिलांनी समजावले की 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी दिल्यावर उपभोगावर घातलेले असे बंधन सामान्यतः टिकत नाही. आमच्या हातात आहे ती विसार घेण्यापूर्वीची निवड. म्हणून घर पाहायला येणाऱ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत आणावे आणि सकाळी यावे, म्हणजे आतले घर पाहून झाल्यावर मी त्यांना मधल्या मारुतीपर्यंत पायी घेऊन जाईन. किमतीचे बोलणे त्यानंतर करू.