एका भांड्यात जेवलं की एकी होते म्हणे!

कोरियन मालिकांचं वेड वाढलं तसा एक फॉरवर्डही फिरू लागलाय: ‘कोरियन लोक हजारो वर्षं एकाच भांड्यातून जेवतात, एकटं कुणी जेवत नाही, रोज किमची (मीठ-तिखट लावून आंबवलेला कोबी) खातात. म्हणून ते आजारी पडत नाहीत आणि त्यांच्यात फूट पडत नाही.’

आधी ती हजारो वर्षं बघू. जोसन राजवटीत (१३९२ ते १९१०) खानदानी घरातल्या कर्त्या पुरुषाला स्वतंत्र ‘सोबान’ लागे, म्हणजे एका माणसापुरतं बुटकं मेज. पाहुण्यालाही वेगळं. बायका बहुधा मागाहून जेवत. सगळं घर एका मेजाभोवती बसायची पद्धत रुळली ती मुख्यतः विसाव्या शतकात. मित्रमंडळी मध्ये ठेवून खातात ती बुदे-जिगे, म्हणजे रस्सेदार आमटीसारखा पदार्थ, तर कोरियन युद्धानंतरची. अमेरिकन छावण्यांतलं डबाबंद सॉसेज आणि हॅम घालून केलेली.

किमचीने रोग होत नाही म्हणावं, तर २०१५ साली दक्षिण कोरियात मर्स या श्वसनरोगाच्या साथीचे १८६ रुग्ण आणि ३८ मृत्यू झाले. किमची तेव्हाही घरोघरी होतीच. आणि फूट? किमजांगला, म्हणजे थंडीपूर्वी मिळून किमची घालण्याच्या प्रथेला, युनेस्कोने २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या नावे मान दिला आणि २०१५ मध्ये उत्तर कोरियाच्या नावे. वेगवेगळा!

तरी जवळीक शोधायचीच तर ती या किमजांगमध्ये आहे. मिठात मुरवलेल्या कोबीचं एकेक पान उचलून आत तिखट, मुळा, खारवलेली मासळी यांचा मसाला चोळायचा. ढीगभर कोबी, एकट्याच्याने उरकत नाही. म्हणून शेजारणी, सुना, नणंदा जमतात. काम आटोपलं की ताजी किमची आणि उकडलेलं डुकराचं मांस तिथेच खातात. आता बरेच जण ती विकतच आणतात, हा भाग वेगळा.

ऑफिसनंतरच्या ‘होइसिक’ पार्ट्यांचंही फॉरवर्डवाल्यांना भारी कौतुक. तिथे धाकट्याने दोन्ही हातांनी साहेबाचा पेला भरायचा, स्वतः पिताना तोंड बाजूला वळवायचं, आणि साहेब उठेपर्यंत बसून राहायचं. याला जेवण म्हणा, हजेरी म्हणा. तरुण कर्मचारी याला इतके कंटाळलेत की न जाण्याची सवलत त्यांना पगारवाढीसारखी वाटत असेल.

एकटं कुणी जेवत नाही? दक्षिण कोरियातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त घरं आज एकट्या माणसाची आहेत. एकट्याने जेवण्याला तिथे ‘होनबाप’ म्हणतात, आणि अशा गिऱ्हाइकासाठी काही खानावळींत मध्ये आडोसा घातलेल्या एकेरी जागाच असतात.