‘डोक्याला मार लागलाय म्हणून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, माफ करा. प्रतिक्रियेखाली मावेना म्हणून इथे वेगळं लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं मागचं. गेल्या लेखात मी दादाच्या अपघाताबद्दल आणि त्यानंतर पालटलेल्या त्याच्या स्वभावाबद्दल लिहिलं होतं. त्यावर कोपरीच्या या ताईंनी चांगलंच झापलंय. थोडक्यात असं : "'डोक्याला मार लागलाय म्हणून असा वागतो' हे मी आमच्या मेव्हण्यांबद्दल बारा वर्षं ऐकतेय. सीटी स्कॅन तेव्हाच नॉर्मल आला होता. लग्नाआधीही ते तापटच होते. कुठल्या तरी जुन्या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगून तुम्ही हात उचलणाऱ्यांना सबब पुरवताय. माझ्या बहिणीच्या डोक्याला दोनदा टाके पडलेत, ती करते का आरडाओरडा? ती बिचारी गप्प असते, सगळं विसरते."

आधी तो अमेरिकन, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. फिनिअस गेज. १८४८ साली रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि सहा किलोची पहार त्याच्या गालातून शिरून कवटी फोडून बाहेर पडली. तो वाचला, पण शिवराळ आणि लहरी झाला. मित्र म्हणू लागले, हा आपला गेज नव्हेच. मी गोष्ट तिथेच संपवली होती. प्रत्यक्षात १८५२ साली तो चिलीला गेला आणि तिथे कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा. वेडापिसा झालेल्या माणसाच्या हातात कोणी घोडे आणि प्रवासी देत नाही. म्हणजे तो बऱ्यापैकी सावरला असणार. आधी सज्जन आणि मग एकदम राक्षस, ही गोष्ट लिहायला सोपी जाते, म्हणून मीही तेवढीच लिहिली.

सीटीच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. तातडीच्या सीटीत मुख्यतः रक्तस्राव आहे का, हाड मोडलंय का, आज रात्री ऑपरेशन लागेल का, एवढं पाहतात. मेंदू दह्यासारखा मऊ. धावतं डोकं एकदम थांबलं की तो आत हिसडतो, कपाळामागच्या खडबडीत हाडावर घासतो, त्यातले तंतू ताणले जातात. ताणलेला तंतू सीटीत बहुधा दिसत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. काहींना नाही वाटत.

दादा मानपाड्याजवळ सर्व्हिस रोडवर पावसात खड्ड्यात आपटला. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. (हो, त्यावरून घरात पुष्कळ बोलून झालंय.) दोन दिवसांत 'सगळं नॉर्मल' म्हणून घरी आला. महिन्याभराने कुकरच्या शिट्टीवर खेकसू लागला. आत्याच्या दहाव्याला विनोद सांगत बसला. हप्त्यावर तीन मिक्सर घेतले. आम्ही म्हणायचो, नाटकं करतोय. मग एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि हा त्याच स्वयंपाकघरात मोबाईल बघत बसलेला. वहिनीच्या लक्षात आलं : याला वासच येत नाही. पुढे न्यूरॉलॉजिस्टनेही पहिल्यांदा तेच विचारलं. वासाचे बारीक तंतू नाकाच्या वर, चाळणीसारख्या हाडातून मेंदूत जातात आणि हिसक्याने तुटतात. 'हे आत्ता बोलू नये' असा लगाम घालणारा मेंदूचा भाग त्यांच्या अगदी शेजारी. मग एमआरआय झाला आणि त्यात दोन्ही बाजूंना जुन्या जखमांच्या खुणा निघाल्या.

मधले चार महिने कशात गेले सांगू? 'ठाण्याला भरती करा' या विनोदात. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे महाराष्ट्रभर हा विनोद चालतो आणि आपण ठाणेकरही हसतो. वहिनीने मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की आई तेच म्हणायची, आणि विषय संपायचा.

आता सबबीबद्दल. दादाने एकदा वहिनीच्या दिशेने तांब्या फेकला होता. लागला नाही, पण ती त्याच रात्री लेकीला घेऊन ऐरोलीला माहेरी गेली आणि उपचार सुरू झाल्याशिवाय परतणार नाही म्हणाली. दादाचे उपचार तिच्या जाण्यामुळे सुरू झाले, आमच्या समजूतदारपणामुळे नाही. हे मी मागच्या लेखात गाळलं होतं, कारण त्यात आम्ही घरचे वाईट दिसतो. तुम्हाला जे खटकलं ते बहुधा हेच. मार का होतोय याचं कारण मेंदूत सापडलं, तरी तो खात राहणं हा कुणाच्याही उपचाराचा भाग नाही. तुमचे मेव्हणे आधीपासून तापट होते म्हणता. अपघाताने असलेला तापटपणा वाढूही शकतो, आणि त्याचा अपघाताशी काही संबंध नसेल असंही होऊ शकतं. इथे बसून मी ते सांगू शकत नाही. त्यासाठी तपासण्या असतात. बारा वर्षांत कोणी त्या करून घेतल्या नसतील, तर ते वाक्य सबब म्हणूनच वापरलं जातंय, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण मला आठ दिवस लागले ते तुमच्या शेवटच्या ओळींमुळे. बहिणीच्या डोक्याला दोनदा टाके. गप्प असते. विसरते. ताई, डोक्याला मार लागलेलं माणूस तुमच्या घरात आणखी एक आहे. रागाचा आवाज होतो म्हणून त्याची चर्चा होते. सिएटलच्या एका रुग्णालयात डोक्याच्या दुखापतीमुळे दाखल झालेल्या ५५९ जणांचा पाठपुरावा २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून जास्त जणांना पहिल्या वर्षभरात नैराश्याने गाठलं होतं. गप्प राहणं, विसरणं, कशातच मन नसणं, हेही माराचं असू शकतं. धास्तीत काढलेल्या वर्षांचंही असेल, किंवा दोन्हींचं.

तिला सहज विचारून बघा : डोकं सतत दुखतं का, उजेड सहन होतो का, झोप लागते का, फोडणीचा वास येतो का. डॉक्टरकडे नेलंत तर दोन्ही वेळची तारीख, टाके किती, शुद्ध हरपली होती का, हे कागदावर लिहून न्या. डोकं कशावर आपटलं तेही खरं सांगा, 'बाथरूममध्ये पडली' नको. महिलांसाठी १८१ आहे, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. त्यांचा फोन घरच्या हॉलमधून लावू नका.

वहिनीने तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या बहिणीला चालणार असेल तर ती बोलायला तयार आहे. दुपारी तीननंतर ती मोकळी असते. मला ईमेल करा, मी नंबर देतो.