‘वेबवर चूक सुधारली की विषय संपला’ या युक्तिवादाला उत्तर

ऑनलाइन बातम्यांविषयी एक युक्तिवाद गेली काही वर्षं सतत फिरतो आहे. थोडक्यात तो असा: छापलेलं वर्तमानपत्र परत घेता येत नाही, म्हणून तिथे दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापावी लागते. वेबवर ती गरज नाही. चूक दिसली, सुधारली, विषय संपला. बातमी म्हणजे तथ्यं, आणि तथ्यांवर कुणाची मालकी नसते, म्हणून बातमी ‘चोरली’ असं म्हणताच येत नाही; नाहीतरी सगळेच पीटीआय या वृत्तसंस्थेचं छापतात. घाईत दुसरीकडून घेतलेला मजकूर नंतर बदलला तर आक्षेपाला जागाच उरत नाही. चुका जाहीर केल्याने विश्वास उलट घटतो. आणि वाचकाला या सगळ्याशी काही देणंघेणं नसतं.

या धंद्यातली माणसंही हे बोलतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. उचललेला मजकूर आणि गुपचूप बदललेला मजकूर हे मला एकाच दुखण्याचे दोन प्रकार वाटतात. अमुक गोष्ट कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर म्हटली हे तपासण्याची वाचकाची सोय दोन्हींत काढून घेतली जाते.

पहिला मुद्दा, ‘सुधारली की संपलं’. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीची लढत ऐन रंगात होती. १४ मार्चला न्यूयॉर्क टाइम्सच्या वेबसाइटवर त्या लढतीतले एक इच्छुक बर्नी सँडर्स यांच्या संसदेतल्या कामाविषयी एक लेख आला. विधेयकांवरच्या दुरुस्त्यांच्या आडवाटेने त्यांनी वर्षानुवर्षं यश मिळवलं, असा मथळ्याचा सूर होता. सँडर्स यांच्या समर्थकांनी तो आनंदाने वाटला. काही तासांत त्याच दुव्यावर मथळा बदलला. ‘यश’ आता ‘माफक यश’ झालं होतं, आणि त्यांची मोठी आश्वासनं प्रत्यक्षात येतील का, याबद्दल शंका घेणारा मजकूर आत शिरला होता. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडा, ओहायोसारख्या मोठ्या राज्यांत मतदान होतं. बदल झाल्याची टीप कुठेही नव्हती.

यात तथ्याची एकही चूक सुधारलेली नव्हती. बदलला होता तो लेखाचा कल. ज्याने सकाळी तो लेख मित्रांना पाठवला, त्याच्या नावावर संध्याकाळी भलताच लेख फिरत होता. सकाळच्या मजकुराचा हवाला देणारा संध्याकाळी खोटा ठरत होता, कारण दुवा उघडला तर तिथे तसं काही लिहिलेलंच नव्हतं. मार्गारेट सुलिव्हन तेव्हा त्या वर्तमानपत्रात वाचकांच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र संपादक होत्या. एवढा मोठा बदल केल्यावर वाचकांना त्याची कल्पना द्यायलाच हवी होती, असं त्यांनी आपल्याच वर्तमानपत्राला जाहीरपणे सुनावलं. (पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, टाइम्सने ते पदच बंद केलं. मला तो निर्णय आजही पटत नाही.)

एखादी वेलांटी सुधारायला टीप लागत नाही, हे मान्य. अपघातातल्या जखमींचा आकडा तासातासाने बदलतो. तिथे ‘शेवटचा बदल’ अशी वेळ दिली तरी पुरे. पण मथळ्याचा अर्थ, कुणाचं विधान, आरोपाची धार, यांपैकी काही बदललं तर एक ओळ लिहावीच लागेल. तंत्राची अडचणही सांगता येत नाही. मराठी विकिपीडियावर कोणत्याही पानाचा ‘इतिहास’ उघडा; कोणता शब्द कधी बदलला ते तारीखवार दिसतं, आणि तो प्रकल्प चालवणारे स्वयंसेवक आहेत.

गुपचूप बदलाचं टोक म्हणजे गुपचूप गायब करणं. जुलै २०१७ मध्ये राज्यसभेच्या उमेदवारीसोबतच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे, अमित शहा यांच्या संपत्तीत पाच वर्षांत सुमारे ३०० टक्के वाढ झाल्याची बातमी टाइम्स ऑफ इंडियाने दिली. काही तासांत ती वेबसाइटवरून नाहीशी झाली. कारण दिलं गेलं नाही. वाढीत वारसाहक्काने आलेली मालमत्ता आहे, असं स्पष्टीकरण पक्षाकडून आलं. ते स्पष्टीकरण बातमीतच जोडलं असतं तर वाचकाला दोन्ही बाजू एका ठिकाणी मिळाल्या असत्या, आणि त्यात शहांचाही फायदाच होता. बातमी काढून टाकल्याने संशय मात्र सगळ्यांवर बसला.

दुसरा मुद्दा मालकीचा. त्यातला अर्धा भाग खरा आहे. साहित्यकृतींच्या संरक्षणाच्या बर्न करारातच म्हटलं आहे की रोजच्या बातम्यांना ते संरक्षण लागू नाही. धरणाचे दरवाजे उघडले, हे वाक्य कुणीही लिहावं. पण त्या घटनेची कुणीतरी बांधलेली मांडणी, निवडलेले शब्द, मिळवलेली मुलाखत ही त्या व्यक्तीची असते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ तर हक्क विकल्यावरही लेखन आपलं असल्याचं सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच ठेवतं.

‘सगळेच पीटीआयचं छापतात’ हे उदाहरण तर युक्तिवादाच्या विरोधात जातं. पीटीआय ही वर्तमानपत्रांनी मिळून उभारलेली संस्था आहे, तिची बातमी वर्गणी भरून घेतली जाते आणि सुरुवातीलाच तिचं नाव येतं. उचलेगिरीत पैसेही नसतात आणि नावही नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा वाद १९१८ मध्येच आला होता. इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस ही वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेसच्या बातम्या पूर्व किनाऱ्यावरच्या पहिल्या आवृत्त्यांतून आणि सूचनाफलकांवरून उचलायची आणि आपल्या ग्राहकांना पाठवायची. बातमीवर कॉपीराइट नाही हे न्यायालयाने मान्य केलं, तरीही प्रतिस्पर्ध्याने जिथे पेरलं नाही तिथे कापणी करू नये म्हणून मनाई कायम ठेवली.

आपल्याकडे हे पेरणारा माणूस बहुधा तालुक्याचा वार्ताहर असतो. पंचनामा, ग्रामसभा, बाजार समितीची निवडणूक यांसाठी स्वतःचं पेट्रोल जाळून तो पोहोचतो. त्याची बातमी अर्ध्या तासात ‘वेब डेस्क’ या नावाखाली दुसरीकडे झळकते. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारनियमांत, स्रोताचा उल्लेख न करता दुसऱ्याचं लेखन किंवा कल्पना आपली म्हणून देणं हा पत्रकारितेच्या नीतीविरुद्धचा अपराध आहे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि हे दुखणं वेबपुरतं किंवा छोट्यांपुरतं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इंडिया टुडेचे संपादक अरुण पुरी यांच्या सहीच्या रजनीकांतवरच्या संपादकीय पत्रात स्लेट या अमेरिकी वेबमासिकावरच्या ग्रेडी हेन्ड्रिक्स यांच्या लेखातली वाक्यं निघाली होती.

आता तिसरा मुद्दा: घाईत घेतलं, नंतर बदललं, मग चोरी कुठे राहिली? मला या सगळ्यातला हा सर्वांत घातक वाटतो, कारण तो कामाची पद्धत म्हणून प्रत्यक्षात राबवला गेला, आणि तोही अफवा तपासणाऱ्या संस्थेत.

स्नोप्स ही १९९४ मध्ये डेव्हिड मिकलसन यांनी सुरू केलेली वेबसाइट. ‘हे खरं आहे का?’ असा प्रश्न पडला की जगभरचे लोक तिथे जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये बझफीड न्यूज या अमेरिकी वेबसाइटने दाखवून दिलं की २०१५ ते २०१९ या काळात मिकलसन यांनी इतर वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रांतून मजकूर उचलून ५४ लेख लिहिले होते. काही स्वतःच्या नावाने, काही ‘जेफ झॅरोनँडिया’ या बनावट नावाने. सहकाऱ्यांना त्यांनी पद्धतही लिहून कळवली होती: एखाद्या नामवंताच्या निधनासारखी मोठी बातमी आली की वृत्तसंस्थेचा मजकूर जसाच्या तसा टाकून पान लगेच उभं करायचं, आणि मग भराभर शब्द बदलत, इतरांकडचा तपशील घालत जायचं, म्हणजे ती चोरी ठरणार नाही. यामागे पहिलं येऊन वाचकसंख्या खेचण्याचा हिशोब होता, असं तिथल्या माजी संपादकांनी सांगितलं.

यात चोरी आणि गुपचूप बदल हे एकाच यंत्राचे दोन भाग झाले. पहिल्या काही मिनिटांत शोधयंत्राने पान टिपलं, गर्दी आली, जाहिरातीचे पैसे जमा झाले. नंतरचे बदल फक्त माग पुसण्यासाठी होते. मूळ बातमीदाराला त्या गर्दीतला वाटा मिळाला नाही, आणि तक्रार करायला जावं तर दाखवायला मूळ पानही शिल्लक नाही. गुपचूप बदलाची मुभा नसती, प्रत्येक फेरबदल नोंदला गेला असता, तर ही पद्धत एक दिवस चालली नसती. शब्द बदलून चोरी संपत असेल, तर मग माग पुसण्याची एवढी घाई का?

चौथ्या मुद्द्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, कारण त्याला पुरावा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, ज्यात राज्यशास्त्रज्ञ ब्रेंडन नायहन सहभागी होते, असं दिसलं की दुरुस्ती जाहीर केल्याने लोकांची माहिती अधिक अचूक होते, पण त्या माध्यमावरचा विश्वास घटतो. हा निष्कर्ष टाळून चालणार नाही. पण मग निवड कशात करायची हेही त्याच प्रयोगातून दिसतं: वाचकाला खरं कळावं, की आपली प्रतिमा शाबूत राहावी? बातमी देण्याचं काम पत्करलेल्याने दुसरं निवडणं मला मान्य नाही. स्नोप्समधल्या उरलेल्या संपादकांनी पहिलं निवडलं. मिकलसन यांना निलंबित केलं, ते लेख मागे घेतले आणि मूळ स्रोताचा दुवा देणारी टीप लावली.

शेवटचा मुद्दा, वाचकाला फरक पडत नाही. ही प्रकरणं उघडकीला कशी आली ते पाहावं. जुलै २०१४ मध्ये बझफीडच्या बेनी जॉन्सन यांनी दुसऱ्या एका वेबसाइटने आपला मजकूर चोरला, असा आरोप केला. तो वाचून ट्विटरवरच्या दोन टोपणनावाच्या वाचकांनी जॉन्सन यांचेच जुने लेख चाळले आणि याहू आन्सर्सपासून इतर वर्तमानपत्रांपर्यंतची उचललेली वाक्यं शेजारीशेजारी मांडली. संपादक बेन स्मिथ यांनी आधी जॉन्सन यांची पाठराखण केली. ते दोघे आणखी उदाहरणं देत राहिले. मग बझफीडने जॉन्सन यांचे सुमारे ५०० लेख तपासले, ४१ ठिकाणी जसाच्या तसा उचललेला मजकूर सापडला, त्यांना काढून टाकलं आणि वाचकांची माफी मागितली. त्या दोघांना या कामाचे कुणी पैसे दिले नव्हते.