थांब ना लेका जरा, नंबर बघायलोय

नळाची लाईन टाकताना जेसीबीनं नेटची वायर तोडली हे परभणीतल्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाबी माहितेय, पण नेट कंपनीच्या बॉटला, म्हणजे चॅटवर माणसाऐवजी उत्तरं देणाऱ्या मशीनला, कोण सांगणार. त्याला आधी राऊटरच्या बुडाखालचा सिरीयल नंबर पाहिजे. राऊटर टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला, मग स्टूल घ्या, वर चढा, टॉर्च मारा, ते इंग्रजी B हाय का 8 हाय ते बघा, अन खाली उतरून टाईप करेपर्यंत मेसेज हजर, "आपला प्रतिसाद न मिळाल्याने हे संभाषण समाप्त करण्यात येत आहे." आरं तुझंच काम करायलो होतो ना बाबा! पुन्हा "हाय" लिहा, पुन्हा भाषा निवडा, पुन्हा ओटीपी.

त्याच्यापुढं कहर म्हणजे हाच बॉट सांगतो, राऊटर बंद करा, 10 मिनिटांनी चालू करा अन मला कळवा. ह्याचा सोताचा दम 5 मिनिटांत संपतो! म्हणजे त्याचं ऐकलं तरी मेलो. बनवणाऱ्यानं एकदा तरी घड्याळ लावून बघितलं का हे?

मशीनला कामून शिव्या द्यायच्या, ही सेटिंग माणूसच ठेवतो. असले बॉट बनवायचं अमेझॉनचं लेक्स म्हणून साधन हाय, त्यात डिफॉल्ट टाइमआउट, म्हणजे गप बसलं की चॅट बंद करायची मुदत, 5 मिनिटांचा असतो, वाढवला तर 24 तासांपर्यंत जातो. व्हॉट्सअपवर तर गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तास कंपनीला मोकळं बोलता येतं, मग एवढी घाई कशाची? बरं कर बंद, पण नंबर अन तक्रार कुठवर आली एवढं तरी सेव्ह ठेव, परत आलो की "मघाचंच पुढं चालवू का" विचार. डेटाबेसमधी एक ओळ लागती त्याला.

अन आपण निघतो म्हणलं की सोडत नाही. "आणखी काही मदत?" नाही. मेनू. "बस झालं." समजलं नाही, मेनू. "धन्यवाद" लिहिलं तरी मेनू! काम असलं की तोंडावर दार लावायचं अन निघालं की बसा की, च्या घेऊन जा, असले सोयरे असतेत ना, तसला प्रकार. अन माणसापर्यंत न जाता चॅट संपली की ती ह्यांच्याकडं कंटेनमेंट, म्हणजे बॉटनंच निभावलं, म्हणून मोजतेत, म्हणजे वैतागून फोन फेकलेला गडीबी खुश गिऱ्हाइकातच जमा.

आता एसएमएस आलाय, तक्रारीचं निराकरण झालं म्हणून. वायर अजून खड्ड्यात लोंबायलीय. वरून रेटिंग मागायलाय, एक स्टार दिला तर म्हणतो कारण सविस्तर लिहा, अन सविस्तर लिहायला बसलो तर सेशन एक्स्पायर.