जपानी ऑफिस आणि ‘कमरेत वाकणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानमधल्या आयटी नोकरीत तिथल्या कामाच्या पद्धतींशी जुळवून घ्या, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘आपल्या हुशार पोरांना तुम्ही कमरेत वाकायला शिकवताय. काम चोख असेल तर जपान्यांनी आपल्याशी जुळवून घ्यावं.’ तिथल्या ओव्हरटाइमवरही तुम्ही चिडलात. तुमचा भाचा पुढच्या महिन्यात टोकियोला निघालाय, म्हणून काळजीनेच लिहिलंत. तेव्हा सविस्तर उत्तर देते.

चोख काम कशाला म्हणायचं, खरी गोम तिथेच आहे. आमच्या टीममधल्या एका मुलाने जपानी क्लायंटने कळवलेला बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, दोन तासांत काढला. शाबासकी राहिली बाजूला, प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. रिव्ह्यूत हा सुटला कसा? टेस्ट केसमध्ये का नव्हता? अशीच चूक आणखी कुठे आहे का, बघितलंत? पोरगा वैतागला, ‘बग गेला ना, मग?’ पण क्लायंटच्या लेखी काम अजून अर्धंच झालं होतं. शेवटी त्याने बाकीची मोड्यूल्स तपासली, तर तारखांच्या हिशेबातला तोच घोळ बिलिंगमध्येही निघाला. यात तो कुणापुढे वाकला, सांगा बरं?

मीटिंगचंही तसंच. आपण तिथे हिरिरीने मुद्दा मांडतो. जपानी ऑफिसात निर्णय बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. एकेकाला आधी गाठायचं, त्याच्या शंका ऐकायच्या, प्रस्तावात फेरफार करायचे, याला ते नेमावाशी म्हणतात. वेळखाऊ आहे, कबूल. पण ज्याला ते जमतं, तो अवास्तव डेडलाइनला ‘नाही’ म्हणू शकतो आणि त्याचं ऐकलं जातं. आपलं ‘होऊन जाईल’ मात्र तिथे पक्का शब्द धरतात. तारीख चुकली की विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं फार कठीण.

ओव्हरटाइमबद्दलचा तुमचा राग मला शंभर टक्के पटतो. २०१९ पासून तिथल्या कायद्याने सर्वसाधारण मर्यादा घातली आहे, महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०. साहेब उठला नाही म्हणून बसून राहायचं, याच्याशी भाच्याने अजिबात जुळवून घेऊ नये.

आणि जपान्यांनीही बदलावं म्हणता, तर टोकियोतल्या निशी-कासाईकडे बघा. वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या सुमारास भारतीय इंजिनिअर तिथे राहायला लागले. तो भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो, तिथे २०१९ मध्ये महाराष्ट्रात जन्मलेले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या स्थानिक सभेवर निवडून आले.

भाच्याला आत्तापासून जपानी शिकायला लावा. एन-टूपर्यंत, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या वरून दुसऱ्या पातळीपर्यंत पोचला, तर वरचं ‘नाही’ त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणता येईल, दुभाष्याची वाट बघावी लागणार नाही.