गाडी भरकटते म्हणून लगेच अलाइनमेंटला पळू नका, आधी ढिलं काय झालंय ते शोधा

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मला तिघांनी पाठवला. स्टिअरिंग ढिलं वाटतंय, गाडी सरळ रस्त्यावर इकडेतिकडे जातेय तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करा, तरी नाही गेलं तर स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचे गिअर असतात तो डबा) स्क्रू अर्धा आटा आवळा, टायरमध्ये हवा जरा जास्त भरा, आणि स्टिअरिंग हातात घट्ट लागत असेल तर खालचं सगळं ओके समजा. यातलं काही अर्धवट आहे, काही सरळ चूक आहे, आणि हा विषय ब्रेकइतकाच जिवावरचा आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

बॅलन्सिंगचं आधी, ते पटकन संपतं. बॅलन्सिंग गेलं की ठराविक स्पीडला स्टिअरिंग थरथरतं. गाडी कायम एकाच बाजूला ओढत असेल तर ती वेगळी तक्रार, तिथे टायर, अलाइनमेंट किंवा चिकटलेला ब्रेक बघायचा. भरकटणं म्हणजे कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि आपण सतत बारीक बारीक स्टिअरिंग मारत राहतो. याच्याशी बॅलन्सिंगचा संबंध नाही.

आता अलाइनमेंट. पुढची चाकं टो-आउट झाली (पुढच्या कडेला बाहेर फाकली), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) कमी झाला, मागच्या चाकांचा टो (आत-बाहेर रोख) बिघडला तर गाडी सरळ धरत नाही, हे खरंय. पण मशीन माप घेतं उभ्या गाडीचं. जॉइंट ढिला असेल तर चालत्या गाडीत चाक आपली जागा बदलत राहतं आणि कागदावर मात्र सगळं हिरवं येतं. माझ्या गाडीची दोनदा अलाइनमेंट झाली, दोन्ही वेळा रिपोर्ट एकदम चांगला, आणि दोन्ही वेळा त्याच दिवशी गाडी पुन्हा तशीच. शेवटी डाव्या बाजूचा रॅक एंड निघाला, म्हणजे रॅकच्या (स्टिअरिंगबरोबर डावी-उजवी सरकणारा दांडा, बऱ्याच गाड्यांत बॉक्सऐवजी हाच असतो) टोकाचा आतला बॉल जॉइंट. तो रबरी बूटच्या (आवरणाच्या) आत असतो त्यामुळे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, मुलीला स्टिअरिंगवर बसवलं, थोडं थोडं डावी-उजवी हलवायला लावलं आणि मी बूट मुठीत दाबून धरला तेव्हा आत टक टक लागलं.

इथेच मेसेजमधला शेवटचा मुद्दाही खोटा ठरतो. माझं स्टिअरिंग तेव्हा हाताला फारसं ढिलं नव्हतंच! एकाच बाजूचा जॉइंट गेला तर दुसरं चाक स्टिअरिंगला धरून ठेवतं, त्यामुळे हाताला प्ले (ढिलेपणा) लागत नाही, पण गेलेल्या बाजूचं चाक मोकळं डोलतं. हिशोब करून बघा, चाकाचा स्टिअरिंग आर्म (ज्याला ढकलून चाक वळवलं जातं तो आखूड हात) १३० मिमी धरला तर जॉइंटमधला १ मिमी प्ले म्हणजे चाकाचा जवळजवळ अर्धा अंश, आणि टो सेट करतात तोच मुळात अंशाच्या छोट्याशा भागात.

स्क्रूवर मात्र जरा थांबतो कारण तो सल्ला धोकादायक आहे. बॉक्सवाल्या स्टिअरिंगमधले गिअर सरळ पोझिशनला मुद्दाम थोडे घट्ट बसवलेले असतात आणि वळणाच्या बाजूला सैल, त्यामुळे चाकं वळलेली असताना कोणी स्क्रू आवळला तर सरळला आल्यावर बॉक्स जाम होतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, तुम्ही ते हातानं आणता, जरा जास्त आणता, मग उलटं मारता, म्हणजे गाडी पुन्हा भरकटतेच. नुसतं ढिलं झाल्यानंच नाही, घट्ट झाल्यानंही गाडी भरकटते, सुकलेला बॉल जॉइंट किंवा अडकलेलं स्ट्रट बेअरिंग (पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरचं) हेच करतं. आणि टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा जॉइंट) गेलेला असताना बॉक्स आवळला तर खरा दोष तसाच राहतो, तो एंड निसटला की ते चाक तुमच्या ताब्यात राहत नाही.

हवा जास्त भरू नका, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे तेवढीच, टायर थंड असताना. मागचे टायरही मोजा, ते कमी असले की गाडीची शेपूट हलल्यासारखी वाटते.

मग बघायचं कसं? आधी गाडी चारही चाकांवर उभी, पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर इंजिन चालू, न्यूट्रल आणि हँडब्रेक. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं कॉलमच्या (स्टिअरिंगपासून खाली जाणारा दांडा) खालच्या जॉइंटपासून चाकापर्यंत एकेक जोड बघत जायचं. जिथे अलीकडचा पार्ट हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तिथे प्ले. रॅकच अख्खा बॉडीवर सरकत असेल तर त्याचे माउंटिंग बुश (तो बसवलेली रबरं) गेले. मग चाक उचलून, स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर कधीच नाही, चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, टाय रॉड किंवा रॅक एंड कळतो. वर-खालून धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, प्ले गायब झाला तर बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर एकीकडे आणि सोडल्यावर दुसरीकडे जात असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा हात) बुश बघा, मागच्या सस्पेन्शनचे बुशही सोडू नका.

गेलेला पार्ट बदलला की मग अलाइनमेंट करा. तेव्हा ती करावीच लागते, कारण टाय रॉड एंड काढून बसवला की टो बदलतोच.