काड पाईपलाईनमधून येत नाही

परवा एका ऑनलाइन प्रेझेंटेशनला बसलो होतो, विषय बायोइकॉनॉमी. स्लाइडवर युरोपचा नकाशा, कुठे फिकट हिरवा कुठे गडद हिरवा, आणि बोलणारा गृहस्थ एकदम कॉन्फिडंट, की जिथे गडद तिथे बायोमास (काड, लाकूड असा जैविक माल) जास्त, म्हणजे तिथे बायोरिफायनरी, म्हणजे त्या मालावर प्रक्रिया करणारा कारखाना टाका, रोजगार येईल, तेलावरचं अवलंबून राहणं कमी होईल, झालं काम. मला मनात राहून राहून वाटत होतं की अरे बाबा, तेलाच्या विहिरींचा नकाशा बघतात तसा तू हा नकाशा बघतोयस. आणि सगळी गोची तिथेच आहे असं माझं मत आहे, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

बायोइकॉनॉमी म्हणजे काय, माहीत नसेल त्यांच्यासाठी एका ओळीत, आज तेलापासून जे जे बनतं, म्हणजे प्लास्टिक, रसायनं, इंधन, धागे, ते शेतातून, जंगलातून, कचऱ्यातून मिळणाऱ्या जैविक मालापासून बनवायचं, ही कल्पना. युरोपियन युनियनने त्यावर २०१२ मध्ये स्ट्रॅटेजी काढली आणि २०१८ च्या अपडेटमध्ये स्थानिक पातळीवरच्या बायोइकॉनॉमीला मुद्दाम वेगळी जागा दिली. कागदावर म्हणजे प्रदेशाचं महत्त्व कुणी नाकारत नाही. पण प्रदेशाने करायचं काय, विचारलं की उत्तर फिरून फिरून एकच येतं, कच्चा माल द्यायचा.

आता हा कच्चा माल असतो कसा ते बघा. गव्हाच्या काडाचे दाबून बांधलेले गठ्ठे घेतले तरी एका घनमीटरमध्ये साधारण दीडशे किलो बसतं, कच्चं तेल बसतं साडेआठशेच्या आसपास, वर किलोमागे तेलात ऊर्जा अडीच-तीन पट जास्त. दोन्ही जोडून बघितलं तर तेवढ्याच टँकरभर जागेत तेल पंधरा-एक पट ऊर्जा घेऊन जातं. म्हणजे काडाचा ट्रक हा निम्माअर्धा हवाच वाहत असतो. परत हा माल वर्षातून एकदा येतो, भिजला की कुजतो, पेटला तर गंजीच्या गंजी जातात, आणि एका मालकाकडून येत नाही, शेकडो शेतकऱ्यांकडून थोडा थोडा येतो. शुगर बीटमध्ये तर तीन चतुर्थांश पाणीच, ते लांब न्यायचं म्हणजे पाणी फिरवायचं, म्हणून बीटचे कारखाने पहिल्यापासून शेतांच्या कुशीतच उभे राहिले.

आणि एक साधा भूमितीचा मुद्दा आहे जो मला फार आवडतो. कारखान्याची क्षमता दुप्पट केली तर माल दुप्पट क्षेत्रातून आणावा लागतो, म्हणजे त्रिज्या १.४ पट होते, म्हणजे प्रत्येक टनाची वाहतूक तेवढी लांबते. तेलाच्या रिफायनरीत मोठं तितकं स्वस्त हे बऱ्यापैकी चालतं, इथे एका बिंदूनंतर ट्रकच सगळा फायदा खाऊन टाकतात. म्हणजे या धंद्याचा आकार मुळात प्रदेशाएवढाच आहे, देशाएवढा नाही. राजधानीत बसून कुणी कितीही ठरवलं तरी.

हे मनावर न घेता जे झालं त्याची उदाहरणं आहेत. इटलीत क्रेशेंटिनोला, भातशेतीच्या पट्ट्यात, २०१३ मध्ये काडापासून आणि गवतापासून इथेनॉल बनवणारा मोठा प्लांट सुरू झाला, व्यावसायिक पातळीवरचा जगातला पहिला म्हणून गाजला, आणि २०१७ मध्ये मूळ कंपनीच आर्थिक संकटात गेली आणि प्लांट बंद पडला (नंतर तो दुसऱ्या कंपनीने घेतला). रोमानियात पोदारीला एका स्विस केमिकल कंपनीने वर्षाला अडीच लाख टन काड घेऊन ५० हजार टन इथेनॉल बनवायचा प्लांट उभारला, आजूबाजूच्या ३०० हून जास्त शेतकऱ्यांशी काडाचे करार केले, २०२२ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद करतोय म्हणून जाहीर. काड होतं, जमीन होती, नकाशावर रंगही गडदच असणार. तरी दोन्हीकडे चालू ठेवायचं का बंद करायचं हा निर्णय ज्या टेबलावर झाला तिथे शेतकरी नव्हता, जिल्हा नव्हता. तंत्रज्ञान अवघड आहे हे मान्यच, प्रक्रिया ठरल्याप्रमाणे न चालणं हा काही गुन्हा नाही. पण दोन हंगाम काड देऊन तिसऱ्याला फोन येतो की आता नको, तेव्हा त्या प्रदेशाकडे प्लॅन बी म्हणून काहीच नसतं कारण प्लॅन ए पण त्यांचा नव्हता!

याच्या उलटं बघायचं तर फ्रान्समध्ये रैंस शहराजवळ बझांकूर-पोमाक्ल नावाची जागा आहे. तिथे १९५० च्या दशकात बीट शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने साखर कारखाना काढला. पुढे १९८९ मध्ये तिथल्या सहकारी संस्थांनी मिळून स्वतःची संशोधन कंपनी काढली, मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण त्या वेळी बायोइकॉनॉमी हा शब्द फॅशनमध्ये पण नव्हता, ह्यांना फक्त एवढंच दिसत होतं की गहू आणि बीट नुसते विकून पुढची पिढी जगणार नाही. मग १९९२ मध्ये गव्हापासून स्टार्च आणि ग्लुकोजचा कारखाना आला, २००७ मध्ये इथेनॉलचा. आज ते एकमेकांना चिकटून उभे आहेत, एकाची वाफ दुसरा वापरतो, पाणी फिरतं, इथेनॉल बनताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड पकडून शीतपेयांसाठी विकला जातो, बाजूला विद्यापीठांची आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची संशोधन केंद्रं आली. साठ-सत्तर वर्षं लागली ह्याला. पाच वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही ते, म्हणून प्रेझेंटेशनमध्ये त्याचा फक्त फोटो येतो.

ह्यातून मला जे दिसतं ते असं की माल किती आहे याने फार काही ठरत नाही. मालाची दुसरी पायरी कुणाच्या हातात आहे याने ठरतं. पहिली पायरी म्हणजे कापणं, गोळा करणं, विकणं. दुसरी म्हणजे त्याचं काहीतरी करणं. ती हातात असेल तर एक उत्पादन चालेना तर दुसरं करता येतं. पूर्व युरोपातल्या बऱ्याच भागांची तक्रार हीच आहे, शेती आणि जंगल भरपूर, पण युनियनचा रिसर्चचा निधी जास्त करून पश्चिमेला जातो कारण प्रयोगशाळा, पायलट प्लांट (म्हणजे चाचणीसाठीचे छोटे कारखाने), कंपन्या तिकडे. बेल्जियममधल्या घेंट बंदरात असा पायलट प्लांट आहे, कुणीही आपली प्रक्रिया घेऊन जायची आणि लॅबमधल्या लिटरवरून टनावर नेऊन बघायची. अशा एका सोयीमुळे आख्ख्या भागाचं नशीब बदलू शकतं, आणि ती सोय मुख्यतः सरकारी पैशातून उभी राहिलीय, कुणा शूर उद्योजकाने नाही केली, हे पण सांगून ठेवतो.

आता सस्टेनेबल ह्या शब्दाकडे, कारण तिथे माझं आणि बऱ्याच उत्साही लोकांचं वाजतं. जैविक आहे म्हणजे टिकाऊ आहे असं अजिबात नाही. जर्मनीने २००४ मध्ये बायोगॅससाठी मुद्दाम पीक लावलं तर त्यातून बनणाऱ्या विजेला जास्त दर असा नियम केला. देशभर एकच नियम. झालं काय, ठिकठिकाणी मक्याच्या मागे मका, आणि जिथे आधीच जनावरं जास्त तिथे जमिनीचे खंड, म्हणजे भाडी, वाढली, भूजलातल्या नायट्रेटची चिंता वाढली, लोकांनी त्याला जर्मनमध्ये मक्याकरण अशा अर्थाचा शब्दच पाडला. शेवटी २०१२ मध्ये नवीन प्लांटमध्ये मका साधारण ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी मर्यादा घालावी लागली. जिथे शेण-मूत्राचा प्रश्न होता तिथे बायोगॅस हे उत्तरच होतं, पण ते कुठे आणि किती हे त्या भागातल्या लोकांना विचारलं असतं तर मक्याचा समुद्र कशाला झाला असता.

फिनलंडचं अजून अवघड आहे. आनेकोस्कीला २०१७ मध्ये १.२ अब्ज युरो घालून कागदाच्या लगद्याची अवाढव्य मिल सुरू झाली, खनिज इंधन न वापरता चालते, स्वतःला लागते त्याच्या दुपटीहून जास्त वीज तयार करते, इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर हॅट्स ऑफ. पण तिला वर्षाला ६५ लाख घनमीटर लाकूड लागतं. आणि २०२१ च्या आकडेवारीत फिनलंडचा जमीन-वापराचा हिशोब उलटा निघाला, म्हणजे जंगल, शेती, दलदली जमिनी मिळून कार्बन शोषण्याऐवजी सोडणाऱ्या निघाल्या, वाढलेली तोड आणि मंदावलेली वाढ ही त्यातली मोठी कारणं. एका मिलवर हे सगळं ढकलणं चुकीचं होईल, आणि मी ढकलत पण नाहीये. पण प्रत्येक मिल आपापल्या गेटच्या आत ग्रीन असू शकते आणि तरी सगळ्यांची बेरीज लाल येऊ शकते. ही बेरीज कंपनी करणार नाही, ते तिचं कामच नाही. राजधानी करते पण उशिरा आणि सरासरीत. कुठल्या खोऱ्यातलं किती काढायचं, कुठल्या शेतातलं काड मातीसाठी तिथेच राहू द्यायचं, आणि तिसरा प्लांट आला तर त्याला नाही म्हणायचं, हे प्रदेशानेच करायला पाहिजे. नाही म्हणायचा अधिकार नसेल तर बाकी सगळं संबंधितांची बैठक आणि चहा-बिस्किटं.

ऑस्ट्रियातलं ग्युसिंग सांगतो आणि थांबतो. हंगेरीच्या सीमेवरचं गाव, भाग एके काळी देशातल्या सगळ्यात गरीब समजल्या जाणाऱ्यांपैकी एक, माणसं आठवडाभर व्हिएन्नाला कामाला आणि शनिवार-रविवार घरी. नव्वदच्या दशकात गावाने ठरवलं की बाहेरच्या इंधनावर जाणारा पैसा बंद करायचा, आजूबाजूच्या लाकडावर घरं तापवणारं नेटवर्क १९९६ मध्ये उभं केलं, २००१ मध्ये लाकडाचा गॅस करून वीज बनवणारा प्लांट आला, जगभरातून लोक बघायला येऊ लागले. मग विजेच्या जादा दराची मुदत संपली, लाकूड महाग झालं, २०१६ मध्ये तो प्लांट बंद. टीकाकार म्हणाले बघा, फसलं. पण घरं तापवणारं नेटवर्क त्यानंतरही चालू राहिलं. बघायला येणारे पाहुणे फोटो काढायचे ते गॅसच्या प्लांटचे, जमिनीखालच्या पाईपचे कोण काढणार.